सहाशे किलोमीटर चिखल, जांभा आणि कुसळं: ट्रेल शूजचा सात महिन्यांचा अनुभव

जूनच्या पहिल्या पावसात पायात घातलेली ट्रेल शूजची, म्हणजे डोंगरवाटांवर पळायच्या बुटांची, ही जोडी डिसेंबरअखेर ६२० किलोमीटर पळाली. किंमत साडेसहा हजारांच्या आसपास, नंबर आठ, टाच पंजापेक्षा ८ मिलिमीटर उंच, सोलचे दात साडेचार मिलिमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीत तीन-चार कंपन्यांचे बूट जवळपास असेच येतात आणि त्यांचे गुणदोषही सारखेच निघतात.

बुटांची परीक्षाच घ्यायची तर कोल्हापुरात रंकाळ्याच्या कडेनं फेऱ्या मारून काही कळत नाही. पन्हाळ्याहून मसाई पठाराला जाऊन यावं. राजदिंडीतून, म्हणजे गडाच्या जुन्या वाटेनं, खाली उतरायचं, तुरुकवाडी-म्हाळुंगे करत पठारावर चढायचं, मसाईच्या देवळाला हात जोडून मागं फिरायचं. रविवारी, घड्याळाकडं फारसं न बघता, गप्पा मारत, चढाला बिनधास्त चालत करायचा हा रूट. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज विशाळगडाकडं निघाले ते याच अंगानं, आणि अजूनही जुलैत पावनखिंड मोहिमेची माणसं इकडूनच जातात. इतकी पावलं पडल्यावर वाटेचं लोणी झालेलं असतं. एका फेरीत डांबर, दगडी पायऱ्या, लाल चिखल, शेताचे बांध आणि जांभ्याचा उघडा कातळ असं सगळं पायाखालनं जातं.

चिखलात हे बूट लई भारी. दात उंच आहेत म्हणून नव्हे, त्यांच्यामधली जागा रुंद आहे म्हणून. जवळजवळ दात असलेल्या सोलमध्ये चिखल गच्च बसतो, सोल सपाट होतो आणि पाच मिनिटांत पायाखाली भाकरी थापल्यासारखी होते. इथं चार-सहा पावलांत गोळा आपोआप सुटतो. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीपुढं मात्र हेही हरतात. ती ओली असताना एकेका पायाला पाव-अर्धा किलो माती घेऊनच पळावं लागतं. उसाच्या बांधावरून जायचं असेल तर पाऊस उघडल्यावर दोन दिवस कळ काढा.

आता खरी तक्रार. ओल्या जांभ्यावर यांची पकड नाही. ऑगस्टपर्यंत कातळावर शेवाळ धरतं आणि तिथं उंच दातांचा तोटाच होतो. कारण दगडाला सगळा सोल टेकत नाही, फक्त दातांची टोकं टेकतात, आणि यांचं रबर टिकाऊपणासाठी कडक ठेवलेलं आहे. मऊ रबराचे बूट ओल्या दगडाला जास्त धरतात, पण डांबरावर झटकन झिजतात. दोन्ही एका जोडीत मिळत नाही. क्रॉस कंट्रीच्या शर्यतीतले स्पाइक घालून जावं म्हणाल तर ते गवताच्या मैदानासाठी. कातळावर नुसते टकटक वाजतील आणि घोटा मुरगळेल. त्यापेक्षा पळण्यात बदल करा: पावलं निम्मी करायची, टाच आधी न टेकता सगळा तळवा एकदम ठेवायचा, वजन बरोबर त्या पायावर. हिरवट-काळा चकाकणारा भाग सोडून खडबडीत, भोकाभोकांचा लालसर भाग बघून पाय टाकायचा. वळताना एका पायावर गिरकी घेतली की बसलाच.

साइजबद्दल दुकानात जे सांगतात ते ऐकू नका. रोजच्या बुटापेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या, उभं राहून अंगठ्यापुढं हाताच्या अंगठ्याएवढी जागा बघा, आणि ट्रायल संध्याकाळी घ्या. दोन-तीन तास पळल्यावर पाय सुजतो, उतारावर पुढं सरकतो आणि नख बुटाच्या टोकाला आपटून काळं पडतं. पण नुसता बूट मोठा घेऊन भागत नाही, टाच जखडायला पाहिजे. सगळ्यात वरच्या बाजूला जे जादा भोक असतं आणि कुणीच वापरत नाही, ते त्यासाठीच आहे. लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फासा ठेवायचा, दुसरीकडं तसंच, मग लेसची टोकं समोरासमोरच्या फाशांतून काढून मागच्या बाजूला ओढायची आणि गाठ मारायची. पंजाकडची लेस सैल राहू दे. राजदिंडीच्या उतारावर फरक लगेच कळतो. मूळची लेस गोल आणि गुळगुळीत आहे, ओली झाली की सुटते. चपटी घालून टाका.

वजन किचनच्या काट्यावर: कोरडा एक बूट २९६ ग्रॅम, ओढ्यातून काढल्यावर ४१० च्या घरात. दहा मिनिटं पळाल्यावर बरंचसं पाणी जाळीतून निघून जातं. वॉटरप्रूफ पावसाळ्यात घ्यायचं मनात येतं, पण गुडघाभर पाण्यात पाणी वरून आत जातं आणि मग बाहेर पडायला जागाच नसते. साधी जाळीच बरी. घरी आल्यावर इनसोल काढायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभरानं बदलायचे, रात्रभर पंख्याखाली. उन्हात किंवा बंबाजवळ ठेवलेत तर सोलचं चिकटवण सुटतं आणि आतला फोम आकसतो.

पाऊस संपला की आपल्याकडचा दुसरा शत्रू येतो: कुसळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पठारावरचं गवत वाळतं आणि ती बाणासारखी टोकं जाळीत घुसतात. टोकाला उलटे केस असतात, त्यामुळं प्रत्येक पावलाबरोबर कुसळ आतच सरकतं, बाहेर येत नाही. पाच किलोमीटरवर घोट्याशी टोचायला लागतं. बाहेरून ओढलं तर शेपटी हातात येते आणि टोक आत राहतं. बूट काढून, मोजा उलटा करून, आतल्या बाजूनं चिमट्यानं ओढायचं. या बुटाची जाळी मोठ्या भोकांची आहे, हा याचा दुसरा मोठा दोष. घट्ट विणीचे, नडगीपर्यंत येणारे मोजे घातले की त्रास निम्मा होतो. टॉवेलसारख्या विणीचे किंवा फर असलेले मोजे तर कुसळांचं माहेरघर.

झीज: टाचेच्या बाहेरच्या कडेचे दात दोन मिलिमीटर राहिलेत, पंज्याखालचे साडेतीन. टाचेचं नुकसान डांबरानं केलंय, डोंगरानं नाही. घरापासून डोंगरापर्यंत पळत जायची हौस असेल तर त्यासाठी जुने रोड शूज ठेवा.

खाण्याचं दोन ओळींत. ओआरएसचं लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतू नका, दाट पाण्यानं मळमळतं. अर्धंच टाका, उरलेलं दुमडून खिशात. गूळ-शेंगदाणे दर पाऊण तासाला मूठभर. मिसळ परत आल्यावरच. सकाळी कट मारून चढाला लागणाऱ्याची काय अवस्था होते ते त्याच्या मागून पळणाऱ्याला विचारा.

साडेचारशे किलोमीटरच्या आसपास उजव्या बुटाचं टोकाचं रबर सुटलं. या किमतीच्या बुटात हे हमखास होतं, कारण तिथं नुसतं चिकटवलेलं असतं. पाकळी पूर्ण उचकटण्याआधी दुरुस्तीवाल्याकडं द्या. आधी घासून, सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, दहा मिनिटं वाळू देऊन मग दाबायला सांगा, आणि वरून टाके घालून घ्या. दोरा नायलॉनचाच मागा. सुती दोरा पुढच्या पावसाळ्यात कुजतो.