प्रेसिडेंट ८ महिने वापरल्यावर: "ऑल ओरिजिनल" गाडीतला इंची बोल्ट

नोव्हेंबरमध्ये घेतली, आता जुलै लागला. १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट, म्हणजे १९७४ ला पद्मिनी नाव पडायच्या आधीची. १०८९ सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर, हे तुम्हाला माहीतच आहे. विकणारा म्हणाला, "भाऊ, ऑल ओरिजिनल आहे, ५० वर्षं झालीत, व्हीए नंबर पण मिळते" (म्हणजे विंटेज गाड्यांना मिळणारा खास नंबर) आणि या एका वाक्यावर मी ४० हजार जास्त मोजले.

नंबर मी नीट पाहिले होते. ब्लॉकवरचा नंबर पेट्रोलच्या फडक्यानं पुसून पाहिला, आकडे एका ओळीत, सारखेच खोल, बाजूला ग्राइंडर फिरवल्याची खूण नाही, आरसीशी जुळतात. चेसिसचंही तेच. २०२१ च्या विंटेज नियमात चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे बदल केलेले चालत नाहीत, म्हणून मी तेवढंच पाहिलं अन् खूश झालो.

मग मे आला. ४४ डिग्री, दुपारचे दोन, नागपुरात वर्धा रोडवर अजनी चौकात गाडी बंद. पंपापाशी पेट्रोलची वाफ झाली की असं होतं, आपल्याकडे उन्हाळ्यात जुन्या गाड्यांना हे नवीन नाही, दुपट्टा ओला करून फ्यूल पंपावर टाकला, २० मिनिटांनी चालू झाली. पण आठवड्यात तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी वैतागलो आणि गाडी सरळ चाचांच्या गॅरेजला नेली.

चाचांनी पंपाच्या बोल्टला १३ चा पाना लावला आणि थांबले. पाना हलत होता, थोडासाच. "भाऊ, हा बोल्ट या गाडीचा नाही." ही गाडी मूळची फियाट, इटलीची, सगळा मामला मिलिमीटरचा, आणि कोणीतरी तिथे ५/१६ इंची बोल्ट ठोकला होता. त्याचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७, म्हणून १३ चा पाना ढिला. जाडी ७.९४ मिमी, भोक ८ चं, त्यामुळे दोन-तीन आटे आत जातो, मग आटे अडतात, तरी जोर लावला की ब्लॉकचे आटे खलास. बोल्ट आखूड होता म्हणून त्या बहाद्दरानं पंप आणि ब्लॉकच्या मधला काळा बेकलाइटचा ठोकळा काढूनच टाकला होता! तो ठोकळा इंजिनची उष्णता पंपापर्यंत जाऊ देत नाही. माझी गाडी चौकात बंद का पडते ते तिथे समजलं.

त्या रात्री मी या गाडीला ५ पैकी २ देणार होतो, लिहूनही ठेवलं होतं. नवीन क्रोमचा बंपर, चकचकीत पेंट, नवे सीट कव्हर, सगळं दाखवायला आणि आत हे. सीट कव्हर, रेडिओ, होस पाइप बदलले त्याचं मला काही नाही, ५० वर्षांत ते बदलणारच. पण ब्लॉकमध्ये चुकीचे आटे पाडणं मला सहन होत नाही, ते परत येत नाहीत.

मग वाडीकडच्या एका भंगारवाल्याकडे नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीचं इंजिन सापडलं, त्यावर ठोकळा होता, पंपाचे दोन्ही स्टड पण. १५० रुपयांत सगळं. इंजिन तेच चालत आलं म्हणून बसलं. ब्लॉकच्या खराब भोकात नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग टाकून चाचांनी ८ चे स्टड बसवले, मजुरी ७००. आता हा ठोकळा माझ्या गाडीचा ओरिजिनल नाही, पण बरोबर आहे, आणि मला आता बरोबर असणं जास्त मोलाचं वाटते. विकणाऱ्यांना या दोन शब्दांतला फरक सांगायचा नसतो, आपण विचारायला पाहिजे.

त्यानंतर जूनच्या उन्हात वर्ध्याला जाऊन आलो, एकदाही बंद पडली नाही, दुपट्टा मागच्या सीटवर तसाच कोरडा. ५ पैकी ४. व्हीए नंबर मात्र घेत नाही, तो घेतला की नेहमीच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही आणि मला तर ही दर रविवारी चालवायची आहे. म्हणजे ते ४० हजार गेलेच, त्याचा राग अजून आहे.

मागच्या आठवड्यात काटोल रोडला मित्रासाठी एक पद्मिनी पाहायला गेलो होतो. खिशात १३ चा पाना आणि टॉर्च. मालक म्हणे, "आधी पेंट तर पाहा." मी बॉनेट उघडायला सांगितलं.