गच्ची गळतेय: कोबा की कोटिंग?

छताला पिवळट डाग आला, पोपडे सुटले, की सोसायटीत दोन तट पडतात.

जुनी मंडळी ब्रिकबॅट कोब्याची. विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात उभे बसवून, पन्हाळीकडे उतार देत चार-पाच इंचांचा थर. नीट केला तर पंधरा-वीस वर्षं बघायला नको, शिवाय खालची खोली उन्हाळ्यात जरा थंड. पण वजन! चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास. जुन्या कोब्यावरच नवा चढवणारे महाभाग मी पाहिलेत. स्लॅबनं काय काय सोसायचं? आणि कोब्याला चीर गेली की पाणी शिरतं एकीकडे, ठिबकतं भलतीकडेच.

दुसरा तट अ‍ॅक्रिलिक कोटिंगचा, म्हणजे गच्चीवर रंगासारखा लावायचा, पाणी अडवणारा थर. हे हलकं, दोन-तीन दिवसांत उरकतं, चीर पडली तर वरून दिसते. मात्र तीन ते पाच वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो, आणि पाणी साचून राहिलं की ते फुगून सुटतं.

माझं मत? उतार बरोबर असेल तर कोटिंग. उतारच चुकला असेल, तर जुना कोबा फोडून नवा करा. पैसे देण्याआधी मात्र गच्चीत पाणी ४८ तास कोंडून बघा. कंत्राटदार कुरकुरेल, कुरकुरू दे.