सावंतवाडीतलं बिनबोर्डाचं फ्रेमचं दुकान (रानाची चित्रं काढणाऱ्यांसाठी जरा लांबलचक रिव्ह्यू)

आधीच सांगून टाकते, घाईत असाल तर हे दुकान तुमच्यासाठी नाही. लग्नाचा फोटो, दहावीचं सर्टिफिकेट, साईबाबा, हे सगळं बाजारात तासाभरात फ्रेम करून मिळतं, तिकडे जा. पण तुम्ही कागदावर काम करत असाल, त्यातही वॉटरकलर, त्यातही गच्च काळोखं हिरवं रान, आणि ते चित्र कोकणातल्या हवेत भिंतीवर टिकायला हवं असेल तर सावंतवाडीत चितारआळीपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एका गल्लीत हे दुकान आहे. बोर्ड नाही. दाराबाहेर लाकडी पट्ट्यांची मोळी उभी असते, तीच खूण. कोणालाही 'काचवाले काका' विचारा.

आता फ्रेमच्या दुकानावर एवढं लिहायचं कारण म्हणजे मी रानं रंगवते. समुद्र नाही, होड्या नाहीत, कौलारू घर आणि पुढे तुळशीवृंदावन तर अजिबात नाही (त्याला गिऱ्हाईक भरपूर असतं हे मला माहितेय, कोणी सांगायला येऊ नका). आंबोली, तिलारीकडचा भाग, आणि गावागावातल्या देवराया. देवराईत कोयता लावायचा नाही हा दंडक जिथे अजून पाळतात तिथे पडलेलं झाडही कोणी उचलून नेत नाही, ते तिथेच कुजतं, त्यावर अळंबी येतात, शेवाळ चढतं, आणि रंगवणाऱ्याला तेच तर हवं असतं. फक्त एक लोचा असतो, रानाच्या चित्रात बसायला क्षितिजच नसतं. समुद्राच्या चित्रात एक आडवी रेघ मारली की अर्धं काम झालं, इथे आकाश दिसलं तर वर कुठेतरी चार ठिपके, बाकी झाडामागे झाड, त्याच्यामागे अजून झाड, आणि ऑगस्टमध्ये तर हिरव्यावर हिरवं, त्याच्यावर परत हिरवं.

हा हिरवा ट्यूबमधून सरळ मिळत नाही. सॅप ग्रीन पिळून लावला की रान प्लास्टिकच्या तोरणासारखं दिसतं. मी बहुतेक वेळा अल्ट्रामरीन निळा आणि पिवळा, त्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) टाकून हिरवा बनवते, म्हणजे जांभ्या दगडाचा जो लाल असतो त्याच्याच जवळचा रंग हिरव्यात मुरतो आणि मग ते रान इथलं वाटायला लागतं. सावलीतला काळा सुद्धा काळ्या ट्यूबचा नाही, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवून. पावसात जागेवर बसून काम करायचं म्हणजे वेगळीच गंमत, आंबोलीला वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे पहिला वॉश (पाणीदार रंगाचा थर) सुकायची वाट बघत बसलात तर जळवा पायाला लागून पोट भरून परत जातील पण कागद ओलाच. मे महिन्यात उलटं, ब्रश उचलायच्या आत वॉश सुकून कडा पडलेली असते. त्यातल्या त्यात बरा काळ म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, किंजळाचं झाड फुललेलं असतं, पुढे त्याची फळं तांबूस व्हायला लागतात आणि हिरव्यात पहिल्यांदा दुसरा रंग शिरतो.

मुद्दा असा की ही चित्रं काळोखी होतात. व्हायलाच हवीत, देवराईत भर दुपारी उजेड असतो तो तसाच असतो. आणि काळोख्या चित्रावर साधी काच लावली की त्याचा आरसा होतो. उजळ चित्रात हे एवढं जाणवत नाही, पण गडद भागासमोर माणूस उभा राहिला की त्याला ऐनाच्या झाडाचं खोड दिसण्याआधी स्वतःचा शर्ट दिसतो. मागे एका शहरातल्या हॉलमध्ये माझी चित्रं लागली होती, फ्रेमिंग तिथल्याच एका नावाजलेल्या दुकानातून, चकचकीत काच, पांढराशुभ्र माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड). लोक चित्रासमोर येऊन केस नीट करत होते! खरंच. आणि ती चित्रं परत घरी आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एमडीएफ फुगलं, माउंटवर तपकिरी ठिपके आले, दोन चित्रांचा कागद काचेला चिकटला. दुकानदाराला फोन केला तर म्हणे तुमच्याकडची हवाच खराब. हवा काय आम्ही बदलू?

तर काचवाले काका. मी पहिल्यांदा चित्रं घेऊन गेले तेव्हा त्यांनी माप घ्यायच्या आधी चित्र दारात नेऊन बघितलं, मग आत ट्यूबखाली बघितलं, मग विचारलं, "खय लावतलास?" म्हटलं प्रदर्शन आहे, हॉलमध्ये. कुठल्या भिंतीवर, समोर खिडकी आहे का, लाईट वरून की समोरून, छत किती उंच. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं, तर म्हणाले, हॉलचे फोटो घेऊन ये मग बोलू. फ्रेमवाल्याने ऑर्डर न घेता परत पाठवायचा माझा हा पहिलाच अनुभव, आणि चित्रकार लोकांनी लक्षात घ्या, हेच प्रश्न गॅलरीवाले सुद्धा विचारत नाहीत.

माउंट. मी सवयीने पांढरा मागितला. त्यांनी चित्राच्या एका बाजूला शुभ्र पट्टी ठेवली, दुसऱ्या बाजूला मातकट राखाडी, आणि लांब उभं केलं. पांढऱ्याच्या बाजूला डोळा आधी पट्टीवरच जात होता आणि शेजारचा गडद हिरवा नुसता मळलेला वाटत होता, राखाडीच्या बाजूला त्याच हिरव्यातले तीन-चार थर सुटे दिसायला लागले. चित्र मी काढलंय, थर मी चढवलेत, आणि ते दिसतात कसे हे मला दुकानात कळलं. रुंदी त्यांनी तीन इंच ठेवायला लावली, खाली किंचित जास्त. बोर्ड अॅसिड-फ्री, ते स्वतः मुंबईहून मागवतात. साध्या बोर्डातलं अॅसिड कागदात उतरतं आणि कापलेल्या कडेशी पिवळी रेघ येते, जुन्या फ्रेम उघडून बघा, सापडेलच.

काच आणि कागद यांच्यात फट, ही यांची खासियत. "कागद काचेक लागाक नको," हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात, मग ते कृष्णाचं पोस्टर घेऊन आलेलं का असेना. माउंटची जाडी असतेच, पण मोठ्या चित्राला ते कडेने आत बारीक पट्टी देतात, कारण दमट हवेत मोठा कागद पोट काढतो आणि मधोमध काचेला टेकतो. पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरलं तर ते काचेवरच राहायला हवं, कागदावर नाही, एवढं साधं आहे. कागदाला जे सायझिंग (पाणी पटकन शोषू नये म्हणून दिलेला लेप) असतं, बऱ्याच चांगल्या कागदांना जिलेटिनचं, ते बुरशीचं आवडतं खाद्य. म्हणजे जेवढा महागडा कागद तेवढी मेजवानी!

मागची बाजू बघायला विसरू नका, खरी कारागिरी तिथे आहे. एमडीएफ नाही, फोमचा बोर्ड, कडा कागदी टेपने बंद म्हणजे कसर आत शिरत नाही, आणि खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे छोटे तुकडे, त्यामुळे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागून वारा खेळतो. आपल्याकडच्या जांभ्याच्या भिंती जून ते सप्टेंबर ओल धरून असतात, त्याला चित्र टेकवून लावायचं म्हणजे ओल्या फडक्यावर ठेवल्यातच जमा. फ्रेमची पट्टी सागवानी, कोपऱ्याचा जोड 45 अंशात आणि बोट फिरवलं तरी लागत नाही असा. सिंथेटिक पट्टी मागितलीत तर देतात, पण तोंड वाकडं करून देतात.

काचेबद्दल आमची बरीच चर्चा झाली. नॉन-ग्लेअर म्हणून जी खरबरीत काच मिळते ती झळाळी कमी करते हे खरं, पण फट ठेवली की तिच्यातून चित्र धुरकट दिसतं. काका म्हणाले, धुक्याचं चित्र असेल तर लावा, फुकटचं धुकं मिळेल! कोटिंगवाली काच ज्यात प्रतिबिंब जवळपास दिसतच नाही ती आहे, पण तिची किंमत ऐकून मी विषय बदलला. शेवटी मोठ्या चित्रांना काचेऐवजी अॅक्रिलिक शीट (पारदर्शक प्लास्टिक) घेतली, हलकी, प्रवासात फुटत नाही, पण ओरखडे पटकन पडतात आणि स्थिर विजेमुळे धूळ ओढते, आणि काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे त्यावर मारायचा नाही, शीट कायमची अंधुक होते. छोट्यांना साधीच काच, आणि आरशाचा प्रॉब्लेम त्यांनी काचेने नाही, लाईटने सोडवला. हॉलच्या फोटोवर पेनाने खुणा करून दिल्या, समोरच्या भिंतीवरचे दिवे बंद ठेवा, खिडकीला पडदा, चित्रावर वरून तिरपा उजेड, आणि बघणारा माणूस जिथे उभा राहील तिथे शक्यतो अंधार.

हे सांगताना त्यांनी चित्रकार हळदणकरांचं उदाहरण दिलं आणि मी गप्पच झाले. सा. ल. हळदणकर इथलेच, 1882 चा जन्म, सावंतवाडीचा. त्यांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, वॉटरकलरच आहे (बरेच लोक ते रवी वर्म्याचं म्हणून फॉरवर्ड करतात, ते वेगळंच दुखणं), आणि तिथे ते खोलीत अंधार करून दाखवतात. काका म्हणाले, एवढा उजेडाचा माणूस, त्याच्या चित्राला अंधार करावा लागतो, मग तुझ्या रानाला ट्यूबलाईट कशाला? म्हैसूरला ते कधी गेलेले नाहीत. मी जाऊन आलेय आणि मला हे सुचलं नव्हतं.

प्रदर्शन मे महिन्यात झालं, चाकरमानी गावाला आलेले असतात तेव्हा. काकांनी सांगितल्याप्रमाणे अर्धे दिवे बंद केले तर हॉलचा माणूस दोनदा येऊन चालू करून गेला, त्याला वाटलं फ्यूज गेला. दिव्यांबद्दल एक सांगते, घरगुती पिवळट एलईडीखाली हिरवे रंग मरतात, आणि फार निळसर पांढऱ्याखाली बर्न्ट सिएना मरतो, मधला 4000 केल्व्हिनचा घ्या आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचा बघा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 58 इंचावर ठेवला. फरक? लोक थांबत होते. आधी काही दिसत नाही, डोळा सरावला की मागची झाडं एकेक पुढे येतात, आणि तेवढा वेळ माणूस समोर उभा राहतो, रानात जाऊन उभं राहिल्यावर होतं तेच.

दोडामार्गकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, एका चित्रापुढे बराच वेळ उभे, मग म्हणाले, "ह्या रान खयचा?" मी सांगितलं. खोडाच्या मगरीसारख्या सालीवरून त्यांनी ऐन ओळखला, भेरली माड ओळखला, आणि मग म्हणाले की त्याच्या अलीकडच्या डोंगरावर आता सगळी रबराची लागवड आहे. नातू मोबाईलमध्ये होता. चित्र त्यांनी घेतलं नाही, किंमत विचारून हसले फक्त. घेतली ती बहुतेक मुंबई-पुण्याच्या लोकांनी, गावातल्यांचं म्हणणं, रान तर परसातच आहे, भिंतीवर कशाला? याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते ऐन आणि रबराच्या हिशोबात जातं आणि रिव्ह्यू भरकटेल.

आता तक्रारी, कारण आहेत. वेळ पाळत नाहीत. आठवडा म्हणाले की तीन धरा. फोन उचलत नाहीत, मुलाच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला तर अंगठा येतो, त्याचा अर्थ झालंय, होतंय की बघितलं हे विचारायला परत जावं लागतं. पॅकिंग म्हणजे वर्तमानपत्र आणि सुतळी, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण आणि बबल रॅप आपला आपण घेऊन जा. एका फ्रेममध्ये काचेच्या आत धुळीचा कण राहिला होता, सांगितल्यावर लगेच उघडून साफ करून दिला, पैसे घेतले नाहीत, पण बघून घ्यायची सवय ठेवा. आणि चित्राबद्दल मत न विचारता देतात. माझ्या एका चित्राला 'ह्याच्यात तुका कंटाळो इललो दिसता' म्हणाले. इलोच होतो, पण तरी.

किंमत: 15 बाय 22 इंचाच्या, म्हणजे अर्ध्या इम्पीरियल कागदाला सागवानी पट्टी, अॅसिड-फ्री माउंट, साधी काच धरून मला साधारण 1,500 च्या आतबाहेर पडलं, अॅक्रिलिक घेतलं की वाढतं. बाजारातल्या दुकानापेक्षा जास्त आहे, शहरातल्या 'आर्ट फ्रेमिंग'वाल्यांपेक्षा बरंच कमी. कॅनव्हाससाठी जायची गरज नाही, तिथे काच नसतेच, ते काम कोणीही बरं करतो. जीपे चालतं, पक्कं बिल मागितलं तर मिळतं पण शोधाशोध होते. गाडी गल्लीत जात नाही, मोती तलावाकडे लावून चालत या. दुपारी एक ते चार बंद. गणपतीच्या आधीचा महिना नवीन ऑर्डर घेत नाहीत, मे महिन्यात प्रदर्शन असेल तर चित्रं फेब्रुवारीत नेऊन द्या, आणि हॉलचे फोटो सोबत न्या नाहीतर परत पाठवतील.

पाचपैकी साडेचार. अर्धा अंगठ्याच्या मेसेजचा कापला.