वाटसरूच्या हाती पत्र की विश्वासू माणसाच्या?

पहिल्या शतकात रोमन साम्राज्याची डाकव्यवस्था केवळ सरकारी कामासाठी होती. त्यामुळे निरनिराळ्या गावांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना (म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायांना) पत्रे लिहिणाऱ्या, बायबलमधल्या प्रेषित पौलासारख्याला पत्र पाठवायचे तर त्या दिशेने निघालेला एखादा व्यापारी गाठावा, किंवा मंडळीतलाच माणूस मुद्दाम धाडावा, असे दोनच मार्ग उरत.

पहिला मार्ग स्वस्त होता, पण पोहोचल्यावर पत्र मुके होई, कारण त्याचा अर्थ सांगणारे सोबत कुणी नसे. शिवाय पौलाच्या नावाने आलेल्या पत्राने घाबरू नका, असा इशारा थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या त्याच्या दुसऱ्या पत्रातच आहे, म्हणजे बनावट पत्राची भीती खरी होती.

दुसऱ्या मार्गात माणूसच पत्राची ओळख ठरे. कलस्सै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलाच्या बंदिवासातील हालहवालाचा तपशील नाही. तो पौलाचा सहकारी तुखिक तोंडी सांगेल, एवढेच म्हटले आहे, आणि मला ही ओळ फार बोलकी वाटते. किंख्रिया गावच्या मंडळीची सेविका फिबी हिचा रोमकरांनी आदराने स्वीकार करावा, अशी शिफारस पौल त्यांना लिहिलेल्या पत्रात करतो. तिनेच ते पत्र नेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

हा मार्ग माणसाला महाग पडे, हेही खरे: फिलिप्पै इथल्या मंडळीची मदत घेऊन पौलाकडे आलेला एपफ्रदीत मरणोन्मुख आजारी पडला होता. तरीही मजकुराचा अर्थ विचारायला समोर कुणी असणे मला अधिक मोलाचे वाटते.