स्पायडर-मॅन 2: झोका दहापैकी दहा, गोष्ट मात्र घाईत

इन्सोम्नियाक स्टुडिओचा हा गेम 20 ऑक्टोबर 2023 ला फक्त प्लेस्टेशन 5 (पीएस5) वर आला आणि पहिल्या 24 तासांत त्याच्या 25 लाख प्रती खपल्या. समीक्षकांनीही गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर त्याला नव्वदीच्या घरात नेऊन ठेवलं. कौतुक रास्तच आहे, पण त्याचा मोठा वाटा न्यूयॉर्कमधल्या फिरण्याचा.

मॅनहॅटनला आता क्वीन्स आणि ब्रुकलिनची जोड मिळाली आहे. नदीवर जाळं अडकवायला इमारतीच नाहीत, म्हणून वेब विंग्ज, म्हणजे हवेत तरंगायला जाळ्याचे पंख. उंचावरून झेप घ्या, कंट्रोलरवरचं त्रिकोणाचं बटण दाबा आणि वाऱ्याचा झोत पकडा, की ईस्ट रिव्हर सहज पार. सेटिंगमध्ये स्विंग असिस्ट, म्हणजे झोका सावरणारी गेमची मदत, मुळात 10 वर असतो. तो 3-4 वर आणा आणि पडल्यावर इजा होण्याचा पर्यायही चालू करा. पहिला तासभर भिंतींवर आपटाल, पण झोका कुठल्या क्षणी सोडायचा हे हाताला त्यानंतरच कळतं.

मारामारीत नवा आहे तो पॅरी, म्हणजे वार परतवणं, कंट्रोलरच्या एल1 बटणावर. काही वार नुसते चुकवून भागत नाही, परतवावेच लागतात. गोची अशी की एल1 धरून दुसरं बटण दाबलं की खास शक्ती सुटते. त्यामुळे गर्दीत घाबरून बटणं बडवणाऱ्याचा पॅरी हुकतो आणि शक्तीही वाया जाते. नुसता एल1, तोही वार अंगावर येताना.

खलनायक क्रेव्हनने मांडलेली शिकार आणि पीटर पार्करचा काळा सूट हा मधला भाग जमून आलाय. दुसरा खलनायक व्हेनम मात्र फार उशिरा येतो आणि येताच शेवटाची धावपळ सुरू होते. अभिनेता टोनी टॉडसारखा आवाज मिळूनही त्याला श्वास घ्यायला जागा नाही! मुख्य कथा 15-17 तासांत आटोपते. त्यात न्यू गेम प्लस, म्हणजे मिळवलेल्या शक्ती घेऊन गोष्ट पुन्हा खेळायचा पर्याय, सुरुवातीला नव्हताच. तो मार्च 2024 च्या अपडेटमध्ये आला, तोवर अनेकांनी गेम बाजूला ठेवला होता. द गेम अवॉर्ड्समध्ये सात नामांकनं, हाती शून्य. पुढे गेम उद्योगाच्या डाइस पुरस्कारांत सहा मिळाले.

पीसी आवृत्ती 30 जानेवारी 2025 ची. सुरुवातीला क्रॅश आणि अडखळण्यामुळे गेम विकणाऱ्या स्टीमवर संमिश्र शेरे पडले. 140 जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर. 1080पी, मध्यम दर्जा, सेकंदाला 60 फ्रेम्ससाठी आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड आणि 16 जीबी रॅम धरा. प्रकाश आणि प्रतिबिंबं खरी भासवणारं रे ट्रेसिंग आधी बंद ठेवा, फ्रेम्स स्थिर झाल्यावरच चढवा.