वार्डरुना की हायलुंग: सुरुवात कोणापासून करावी?

निओफोक म्हणजे मुळात १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये आकाराला आलेले, अकूस्टिक गिटारभोवती फिरणारे उदास संगीत. परंतु आज त्या सदरात शोध घेऊ लागल्यास वार्डरुना आणि हायलुंग ही दोन उत्तर युरोपीय संगीतसमूहांची नावे हटकून समोर येतात. शिमग्याचा ढोल आणि जत्रेतला दशावतार ज्याच्या कानांवरून गेला आहे, अशा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या श्रोत्याने या दोघांपैकी कोणाला आधी वेळ द्यावा, एवढाच येथे प्रश्न आहे. चामड्याचे ढोल, कातड्यांचे पोशाख आणि रून या उत्तर युरोपातल्या प्राचीन लिपीची अक्षरे दोन्हीकडे असल्याने ती एकाच जातीची वाटतात, पण ती तशी नाहीत.

वार्डरुना हा नॉर्वेतील समूह. गोरगोरोथ या ब्लॅक मेटल (रॉकचा एक कर्कश, आक्रमक प्रकार) बँडचा पूर्वीचा ड्रमर आयनार सेल्विक याने तो उभा केला आणि लिंडी-फाय हेला हिचा स्वर सुरुवातीपासून त्याच्या सोबतीला आहे. २००९, २०१३ आणि २०१६ साली आलेल्या तीन अल्बमांत त्यांनी प्राचीन रून लिपीतील २४ अक्षरे वाटून घेतली असून प्रत्येक अक्षराशी जोडलेले झाड, पाणी, प्राणी किंवा ऋतू हाच त्या त्या गाण्याचा विषय होतो. घोड्याच्या केसांच्या तारांवर गज फिरवून वाजवायची टागेलहार्पा, बोकडाच्या शिंगाचे सुषिर वाद्य आणि लायर हे छोटे तंतुवाद्य यांचा एकच स्वर दीर्घकाळ धरलेला असतो, त्यावर शब्द संथपणे चढत जातात. एकतारीवरचे भजन ऐकणाऱ्याला ही बैठक परकी वाटणार नाही. २०१८ च्या ‘स्काल्ड’ या अल्बममध्ये तर बहुतांशी एक गळा आणि एक वाद्य एवढेच आहे. काहींना ते कंटाळवाणे वाटते. माझ्या मते सेल्विकची खरी ताकद तिथेच कळते.

हायलुंग २०१४ मध्ये कोपनहेगनमध्ये सुरू झाला. काय उवे फाउस्टचा घशातून काढलेला घोगरा नाद, मारिया फ्रान्सचा उंच, स्वच्छ स्वर आणि क्रिस्तोफर युलची ध्वनिरचना यांवर तो उभा आहे. वार्डरुनाची गीते बहुतांशी नव्याने रचलेली असतात, तर हायलुंग प्रत्यक्ष कोरीव लेखांतले शब्द उचलतो: ‘क्रिग्सगाल्द्र’ या गाण्यामध्ये नॉर्वेतील एग्या शिलालेखाच्या ओळी आहेत. २०२२ च्या ‘द्रिफ’ या अल्बममध्ये तर ते उत्तर युरोप सोडून थेट सीरियातल्या उगारित या प्राचीन नगरात जातात आणि मातीच्या पाटीवर सापडलेले निक्कल देवीचे, हुरियन या प्राचीन भाषेतले स्तोत्र गातात. हाडे, तलवारी, ढाली यांचा वाद्यांसारखा वापर होतो. नुसत्या कानाने ऐकताना मात्र त्यांच्या लांबलचक रचना मला अधूनमधून पोकळ वाटतात, कारण त्या मुळात रंगमंचासाठी बांधलेल्या आहेत. दशावतारात मुख्य आख्यानाआधी गणपती, रिद्धी-सिद्धी आणि संकासुर येऊन जातात, तसा यांच्याही प्रयोगात आधी धूप फिरवून, रिंगण करून आरंभविधी होतो आणि मगच ढोल सुरू होतात.

म्हणून शब्द, निसर्ग आणि संथ लय यांची ओढ असणाऱ्याने वार्डरुना निवडावा, आणि सोंग, घोष, सामूहिक आवेश यांत रमणाऱ्याने हायलुंग. दोन्ही आवडीनिवडी सारख्याच तीव्र असतील तर मी वार्डरुनाच सुचवीन, कारण तो पडद्यावर पाहण्याची गरज लागत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर दोघांचेही खर्जातले ढोल हरवतात, तेव्हा हेडफोन हवेतच.

रून चिन्हे अतिउजव्या गटांनीही वापरली असल्यामुळे कोणाला शंका आली, तर सेल्विकने अशा वापराला उघडपणे विरोध केला आहे, हे लक्षात असू द्यावे.

हायलुंग निवडणाऱ्याने स्टुडिओतल्या अल्बमांआधी नेदरलँड्समधल्या कासलफेस्ट या महोत्सवात २०१७ साली चित्रित झालेला ‘लिफा’ हा संपूर्ण प्रयोग पाहावा. त्यानंतर युद्धाचा रंग असलेला ‘ओफ्निर’ आणि त्याला स्त्रीस्वरांनी उत्तर देणारा २०१९ चा ‘फुथा’ याच क्रमाने ऐकावेत, कारण उलट क्रमाने ऐकल्यास दुसऱ्यातला सौम्यपणा कशाविरुद्ध उभा आहे ते समजत नाही.