१८५, २०० की २१५ ग्रेन? .३०८ मधून जड गोळ्या वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. .३०८ विंचेस्टरच्या एफ-टीआर रायफलीतून १००० यार्डांवर खेळायला माझ्याकडे शेवटी टिकली ती २०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) घरातली हायब्रिड, म्हणजे दोन वळणांच्या नाकाची गोळी. २१५ ग्रेनची कागदावर तिच्याहून सरस आहे. वाऱ्यातही सरस आहे, हे मी स्वतः पाहिलंय. तरीसुद्धा सामन्याच्या पेटीत मी ती आता भरत नाही. १८५ ग्रेनची सरावाला अजून चालू आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एफ-क्लास म्हणजे पालथं पडून, टेकू आणि दुर्बीण वापरून लांब पल्ल्यावर नेम साधायची स्पर्धा. एफ-क्लासमधलं ‘एफ’ हे कॅनडाच्या जॉर्ज फार्क्वहारसन यांच्या आडनावातलं. टीआर गटात .३०८ विंचेस्टर किंवा .२२३ रेमिंग्टन, एवढी दोनच काडतुसं चालतात. पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू), मागे पिशवी, आणि दुर्बीण-बायपॉड धरून रायफल ८.२५ किलोच्या आत. ओपन गटातली मंडळी ७ मिलिमीटरच्या १८० ग्रेनच्या गोळ्या भरपूर वेगात सोडतात आणि वाऱ्याची निम्मी कटकट तिथेच मिटवतात. आपल्याला काडतूस बदलता येत नाही, त्यामुळे सगळा खेळ गोळीच्या निवडीवर येतो. आंतरराष्ट्रीय नियमांच्या टार्गेटवर पाचाचं, म्हणजे पाच गुणांचं वर्तुळ एक मिनिटाचं (इथे मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) आणि आतला व्ही-बुल अर्ध्या मिनिटाचा. १००० यार्डांवर एक मिनिट म्हणजे जेमतेम साडेदहा इंच.

जड गोळीचा वेग कमी, मग तिला वारा जास्त का लागत नाही, असं नवीन लोक हमखास विचारतात. वारा गोळीला किती सरकवतो हे ती हवेत एकूण किती वेळ राहिली यावर ठरत नाही. हवा नसती तर लागला असता तो वेळ, आणि प्रत्यक्षात लागलेला वेळ, या दोहोंतल्या फरकाला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. म्हणजे हवेने गोळीला किती खोळंबवलं, एवढाच प्रश्न. १८५ ग्रेनची गोळी २७५० फूट प्रति सेकंदाने निघाली आणि २१५ ची २५५० ने, तर दोघी १००० यार्डांवर जवळजवळ बरोबरच पोचतात. पण २१५ चा जी-७ बीसी (बॅलिस्टिक कोएफिशंट, गोळी हवा किती सहज कापते त्याचा आकडा) ०.३५ च्या आसपास आणि १८५ चा ०.२८, त्यामुळे २१५ चा खोळंबा कमी. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात दोघींमध्ये मिनिटभराहून थोडा जास्त फरक पडतो. अख्खं पाचाचं वर्तुळ झालं की हे. जड गोळीचं वेड लागतं ते याच आकड्यामुळे.

बीसी एखाद्या नमुना-गोळीशी तुलना करून काढतात; जी-७ चा नमुना लांब शेपटीचा, जी-१ चा जुन्या आखूड गोळीचा. बीसी बघताना जी-७ चाच बघा. जी-१ चा आकडा मोठा दिसतो म्हणून डब्यावर तो ठळक छापतात, पण लांब शेपटीच्या गोळीच्या बाबतीत तो वेगाबरोबर बदलत जातो. बॅलिस्टिक्सचे अभ्यासक ब्रायन लिट्झ यांनी गोळ्या प्रत्यक्ष झाडून मोजलेले जी-७ चे आकडे आल्यापासून हा गोंधळ बराच कमी झाला आहे.

आणि नुसत्या वजनावर जाऊ नका. सिएराची जुनी १६८ ग्रेनची मॅचकिंग ३०० मीटरच्या नेमबाजीसाठी बनली आणि तिथे ती अप्रतिम आहे. पण तिच्या शेपटीचा उतार १३ अंशांचा. १००० यार्डांच्या अलीकडेच ती ध्वनीच्या वेगापाशी येते आणि डगमगायला लागते. १७५ ग्रेनच्या मॅचकिंगची शेपटी ९ अंशांची आहे, ती तिथून नीट पार होते. वजनातला फरक सातच ग्रेनचा, स्वभाव मात्र पार वेगळा.

बॅरलचा विषय मी झटपट उरकते, कारण इथे घासाघीस करायला जागाच नाही. गोळी स्थिर राहते की नाही हे वजनापेक्षा लांबीवर अवलंबून असतं. पामा या लांब पल्ल्याच्या सामन्यांत १५५ ग्रेनच्या गोळ्या चालतात, म्हणून त्यांच्या बॅरलमध्ये आट्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा) पीळ १३ इंचांत एक वळसा इतका सैल असला तरी भागतं. २०० आणि २१५ ला १० इंचांत एक हवाच. मिलर सूत्राने गोळीच्या स्थिरतेचा आकडा काढा आणि तो १.५ च्या वर ठेवा. त्याच्या खाली गोळी आडवी पडणार नाही कदाचित, पण बीसी गळत जातो, म्हणजे ज्यासाठी जड गोळी घेतली तेच हातचं जातं. थंड, दाट हवेत हा आकडा खाली येतो हेही लक्षात असू द्या. शिवाय लांब गोळीला चेंबरपुढचा घसा लांब लागतो. तो आखूड असला की गोळी पुंगळीत खोल जाते, दारूची जागा खाते आणि दाब लवकर चढतो. माझ्या बॅरलचा घसा २०० ग्रेनच्या हिशेबाने कोरून घेतलेला आहे. २१५ त्यात बसते, पण थोडं अंग चोरून. दारूचं माप इथे देणार नाही. ते छापील पुस्तकातून घ्यायचं आणि खालच्या टोकापासून वर यायचं. दुसऱ्याच्या रायफलीचं माप आपल्या रायफलीत भरू नये.

आता चाचणी. लोक सगळ्यात जास्त काडतुसं इथे जाळतात आणि हाती फारसं काही लागत नाही.

नवीन डबा उघडला की मी कंपॅरेटर (मोजपट्टीवर लावायचा साचा) लावून प्रत्येक गोळीची बुडापासून खांद्यापर्यंतची, म्हणजे नाकाचं वळण सुरू होतं तिथपर्यंतची लांबी मोजते आणि मार्करने बुडावर रंगीत ठिपका देते: हिरवा, निळा, आणि ‘बघू नंतर’वाला लाल. लाल ठिपक्यांच्या सरावात संपतात. एका नामांकित कंपनीच्या डब्यात तर मला चक्क दोन वेगळे ढीग मिळाले, जणू दोन यंत्रांवरचा माल एकात ओतला होता. गोळ्या वजन करून निवडण्याचा मात्र मला उपयोग दिसला नाही. चांगल्या मॅच गोळ्यांत वजनाचा फरक इतका किरकोळ असतो की त्यापेक्षा पुंगळ्यांच्या तोंडांवर वेळ घालवलेला बरा.

मग गोळी आट्यांपासून किती मागे बसवायची ते. व्हीएलडी (हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून लांब निमुळत्या केलेल्या) जातीच्या गोळ्या इथे फार नखरे करतात. हायब्रिडचा खांदा टँजंट आणि पुढचं नाक सीकंट वळणाचं असल्यामुळे ती थोडी उडी, म्हणजे आट्यांपर्यंतचं मोकळं अंतर, सहन करते. तिन्ही वजनांत मला एक रुंद पट्टा सापडला, त्यात गोळी कुठेही बसवली तरी ग्रुप सारखाच. मी त्या पट्ट्याच्या पुढच्या कडेवर, म्हणजे आट्यांच्या जवळ, सुरुवात करते. घसा झिजत जातो, उडी आपोआप वाढत जाते, आणि पट्टा संपेपर्यंत हात लावावा लागत नाही.

क्रोनोग्राफच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यांवर भाळू नये. पाच गोळ्यांवरून वेगाचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीभोवतीची पसरण) ६ आलं म्हणून मिरवणारे भेटतात. पाचच्या नमुन्यावर खरा आकडा ४ पासून १७ पर्यंत कुठेही असू शकतो, हे साधं संख्याशास्त्र आहे. दहांचा नमुना घेतला तरी पट्टा बराच रुंद राहतो. म्हणून मी एका बैठकीच्या आकड्यावर काही ठरवत नाही. त्याच दारूचे, त्याच गोळीचे सगळे दिवस एकत्र करते. १००० यार्डांवर वेगातला १० फुटांचा फरक गोळीला अडीच-तीन इंच वरखाली करतो, तेव्हा तिथली उभी पसरण हीच खरी परीक्षा. १०० यार्डांवर तीन गोळ्या एका भोकात जातात, त्याचा फोटो काढा आणि विसरून जा.

वाऱ्याची तुलना मी अशी केली. दोन्ही वजनांचा झीरो (नेम आणि गोळी एका जागी जुळवणं) आधी वेगवेगळा पक्का केला. मग जोराच्या आडव्या वाऱ्याचा दिवस बघून एकाआड एक झाडत गेले: एक १८५, एक २१५, पुन्हा १८५. वाऱ्यासाठी दुर्बिणीचा नॉब फिरवायचा नाही, नेम मधेच. इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या पडद्यावर दोन रंगांत ठिपके पडत गेले. वारा चढला की १८५ चे ठिपके चार गुणांच्या वर्तुळाबाहेर पळायचे आणि २१५ चे मागोमाग, पण रेंगाळत. गणित जेवढा फरक सांगतं जवळपास तेवढाच पडद्यावर दिसला. आडवी पसरण २१५ ची स्पष्टपणे कमी.

उभी पसरण मात्र तिची जास्त. क्रोनोग्राफ म्हणत होता वेग सारखा आहे. मग वरखाली कशाने?

धक्क्याने. गोळी बॅरलमध्ये असतानाच रायफल मागे यायला लागते. ८.२५ किलोची रायफल, ३० इंची बॅरल आणि २१५ ग्रेनची गोळी धरून हिशेब केला तर गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल सव्वा मिलिमीटरच्या आसपास मागे आलेली असते. त्या सव्वा मिलिमीटरात बायपॉडचे पाय चटईवर कसे सरकले, मागची पिशवी कशी दबली, खांदा किती घट्ट होता, हे सगळं गोळी सोबत घेऊन जाते. २१५ चा संवेग १८५ पेक्षा ७-८ टक्क्यांनीच जास्त आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १८५ झाडल्यावर दुर्बिणीतली फुली माझ्याच टार्गेटच्या खालच्या कडेवर येऊन थांबते, आणि २१५ झाडल्यावर शेजारच्याच्या टार्गेटवर. पुढची गोळी भरून, रायफल ओढून पुन्हा आपला नंबर शोधायचा. घाईत शेजारच्या टार्गेटवर गोळी गेली की आपल्या नावावर शून्य, आणि शेजारी दिवसभर चहाटळपणा करायला मोकळा.

बायपॉडखालची चटई बदलून, पाय रुंद करून, पिशवीत जड वाळू भरून यातलं बरंच काबूत येतं. मी ते सगळं केलं. सामन्याच्या पहिल्या डावात २१५ माझ्या हातून व्ही-बुल काढते. तिसऱ्या डावापर्यंत खांदा थकतो, पकड कमी-जास्त होते आणि पाचाच्या वर-खाली चार गुणांच्या वर्तुळात गोळ्या पडायला लागतात. माझ्यापेक्षा धिप्पाड किंवा रायफलीला जेमतेम स्पर्श करून झाडणारा नेमबाज हीच गोळी शेवटपर्यंत सहज खेळवेल, आणि त्याने खुशाल खेळवावी.

२०० ग्रेनची गोळी तशी उशिराच हाती आली. जी-७ ०.३२ च्या आसपास, वेग २१५ हून बराच वर. वाऱ्यात ती २१५ च्या इतकी जवळ राहते की माझ्या वाऱ्याच्या अंदाजातली चूक त्या फरकापेक्षा नेहमीच मोठी असते. धक्क्यानंतर फुली शेजारच्याकडे जात नाही. उभी पसरण दिवसाच्या शेवटीही सकाळइतकीच. हाच मुद्दा मला बीसीच्या तिसऱ्या दशांशापेक्षा वजनदार वाटला.

गोळीचं टोक दाबून अणकुचीदार करण्याचा डायही वापरून पाहिला. बीसी थोडा वाढतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोळ्यागोळ्यांमधला फरक घटतो. काम कंटाळवाणं आहे, फार दाबलं तर टोकामागे फुगवटा येतो. फक्त १००० यार्डांच्या सामन्यासाठी करते, सरावाला नाही.

खरेदीबद्दल एकच. गोळी पक्की झाली की एकाच लॉटच्या (कारखान्यातल्या एकाच खेपेच्या), बॅरलच्या उरलेल्या आयुष्याला पुरतील इतक्या उचला. दुसरा लॉट आला की खांद्यापर्यंतची लांबी पुन्हा मोजायची, उडी पुन्हा तपासायची, झीरो पुन्हा बघायचा. माझ्याकडे २१५ चे जे डबे उरलेत ते मी पुढच्या बॅरलसाठी ठेवलेत. त्या बॅरलचा घसा थोडा लांब कोरून घेणार आहे, आणि मग जोराच्या वाऱ्याच्या दिवशी, एकाच डावाच्या सामन्यात, त्या पुन्हा बाहेर काढीन.